विचारणारे कोणी हवे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, कविता आणि प्रवासवर्णने असतातच. या वर्धापनदिनाच्या अंकात इतिहासावरही एखादा लेख असावा असे कार्यकारिणीत ठरले आणि ते काम माझ्या वाट्याला आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे सनावळ्या, तह आणि लढाया, एवढेच शाळेत ऐकलेले. पण दुपारची कामे आवरल्यावर वाचनालयातली पुस्तके वाचता वाचता मला एका निराळ्याच इतिहासाची ओळख झाली. तो राजांनी लिहवून घेतलेला नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या साध्यासुध्या माणसांनी तो तोंडाने सांगितला आणि दुसऱ्या कोणी तरी तो उतरवून घेतला. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील ज्यू लोकांचा जो संहार झाला, त्यातून वाचलेल्यांच्या आठवणी कशा जपल्या गेल्या, ती हकीकत मी येथे सांगणार आहे.

ज्यू लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. आपल्या मातीत धर्मापायी त्यांचा छळ झाला नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्याच धर्माच्या युरोपातील लोकांचे नशीब असे नव्हते. १९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. आधी ज्यूंच्या नोकऱ्या गेल्या, मग दुकाने गेली, मग नागरिकत्व गेले. १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि १९४५ पर्यंत सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. त्यांत लहान मुलेच सुमारे १५ लाख होती.

६० लाख हा आकडा वाचून आपले मन बधिर होते. आकड्याला चेहरा नसतो. एखादी बाई आपल्या मुलीच्या अंगावर त्या दिवशी कोणता झगा होता हे सांगते, तेव्हा मात्र आपल्या पोटात तुटते. म्हणून या आठवणींचे मोल मोठे आहे.

पोलंड देशाची राजधानी वॉर्सा. तेथील ज्यूंना जर्मनांनी शहराच्या एका भागात कोंबले आणि १९४० च्या नोव्हेंबरात भोवती भिंत घालून तो भाग बंद केला. याला घेट्टो म्हणत. आपण त्याला माणसांचा कोंडवाडाच म्हणू. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढ्या जागेत ४ लाखांहून अधिक माणसे! शिधा इतका थोडा की माणसे रस्त्यावर भुकेने मरून पडत.

त्या कोंडवाड्यात एमान्युएल रिंगेलब्लूम नावाचे एक इतिहासाचे अभ्यासक होते. त्यांनी विचार केला की आपण मेलो तर आपली कथा आपल्या मारेकऱ्यांच्याच कागदांवरून लिहिली जाईल. ती आपणच लिहून ठेवली पाहिजे. त्यांनी पन्नास-साठ माणसे गुपचूप जमवली. त्यांत शिक्षक होते, लेखक होते, धर्मगुरू होते आणि साधे कारकूनही होते. ही मंडळी शनिवारी, म्हणजे त्यांच्या शब्बाथच्या पवित्र दिवशी भेटत, म्हणून या कामाला त्यांनी ‘ओनेग शब्बात’ असे नाव दिले. त्याचा अर्थ ‘शब्बाथचा आनंद’. बाहेरच्याला वाटावे, प्रार्थनेला जमले आहेत.

त्यांनी काय काय गोळा केले पाहा! रोजनिशा, पत्रे, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, भिंतीवरच्या जाहिराती, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागदसुद्धा. आपण केर म्हणून टाकून देतो त्या वस्तू. शिवाय बाहेरगावांहून घेट्टोत हाकलून आणलेल्या निर्वासितांजवळ बसून ते त्यांच्या गावात काय घडले ते विचारीत आणि लिहून घेत.

या मंडळींत राहेल आऊअरबाख नावाच्या एक बाई होत्या. त्या मूळच्या लेखिका. पण रिंगेलब्लूम यांनी त्यांच्यावर एक अन्नछत्र चालवण्याचे काम सोपवले. लेश्नो नावाच्या रस्त्यावर ४० नंबरच्या घरात हे अन्नछत्र होते. तेथे भुकेल्या माणसांना पातळ सूप मिळे. राहेलबाई सूप वाढता वाढता माणसे बघत, त्यांचे ऐकत आणि रात्री लिहून ठेवीत. कालपर्यंत येणारा माणूस आज का आला नाही, कोणाचे पाय सुजले आहेत, कोण दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो आहे, हे सारे त्यांच्या वहीत आले. या सुपाने कोणी कायमचा वाचत नाही, मरण तेवढे चार दिवस पुढे जाते, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. ज्या बाईने कधी पंक्तीला वाढले आहे, तिला हे वाचून काय वाटेल ते मी सांगायला नको. पातेल्याचा तळ दिसू लागला आणि रांग अजून तेवढीच आहे, हे दुःख आपल्यालाच कळते.

१९४२ च्या २२ जुलैपासून दोन महिन्यांत सुमारे २ लाख ६५ हजार माणसे वॉर्सामधून आगगाडीने त्रेब्लिंका येथे नेण्यात आली आणि तेथे विषारी वायूने मारण्यात आली. हे सुरू होताच ओनेग शब्बातच्या लोकांनी आपले कागद दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून एका शाळेच्या तळघरात पुरले. पुरणाऱ्यांत एक शिक्षक आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी होते. त्या मुलांनी कागदांसोबत आपल्याही चार ओळी लिहून ठेवल्या. जे जगाला ओरडून सांगता आले नाही ते आम्ही मातीत ठेवतो आहोत, अशा अर्थाचे एकाने लिहिले आहे. वय एकोणीस वर्षे! तो वाचला नाही.

त्रेब्लिंकाहून पळून आलेला अब्राहाम क्शेपित्स्की नावाचा एक तरुण घेट्टोत परत पोचला. त्याने तेथे अठरा दिवस काढले होते. १९४२–४३ च्या हिवाळ्यात राहेलबाई त्याच्यासमोर बसल्या आणि त्याने जे पाहिले ते सगळे त्यांनी उतरवून घेतले. केव्हाही दारावर बूट वाजतील अशा घरात बसून एक बाई विचारते आहे आणि एक तरुण सांगतो आहे. तो तरुण पुढे १९४३ च्या घेट्टोतील उठावात मारला गेला. त्याचे शब्द तेवढे राहिले, ते राहेलबाईंनी लिहून घेतले म्हणून.

१९४३ च्या आरंभी कागदांचा दुसरा भाग दोन मोठ्या दुधाच्या कॅनमध्ये भरून त्याच ठिकाणी पुरला गेला. त्यानंतर घेट्टो जमीनदोस्त झाला. रिंगेलब्लूम बायको-मुलासह एका तळघरात लपले होते. १९४४ च्या मार्चमध्ये ते पकडले गेले आणि तिघांनाही मारण्यात आले. त्या पन्नास-साठ जणांपैकी युद्धानंतर तिघे उरले, हेर्श वासेर, त्यांची पत्नी ब्लूमा आणि आमच्या राहेलबाई. त्या खोटी कागदपत्रे घेऊन भिंतीच्या पलीकडे राहिल्या होत्या.

युद्ध संपले तेव्हा वॉर्साच्या त्या भागात विटांच्या ढिगाऱ्यांखेरीज काही नव्हते. लोकांना खायला नाही, राहायला नाही, अशा वेळी कागद कोण उकरणार? पण राहेलबाईंनी पिच्छा सोडला नाही. जेथे भेटेल त्याला सांगत, तेथे खणा. १८ सप्टेंबर १९४६ रोजी त्या दहा पेट्या सापडल्या. पत्र्यात पाणी शिरले होते, बरेच कागद ओले झाले होते. १ डिसेंबर १९५० रोजी दुधाचे दोन कॅन सापडले. त्यांतले कागद बरेच चांगले राहिले होते. क्शेपित्स्कीची हकीकत त्यांतच होती. एकूण सुमारे ३५ हजार पाने हाती आली. १९९९ साली युनेस्कोने या संग्रहाला जागतिक स्मृतीच्या यादीत स्थान दिले. तिसरा भागही पुरला होता, तो मात्र अजून सापडलेला नाही.

आता दुसरी हकीकत. डेव्हिड बोडर नावाचे एक मानसशास्त्राचे प्राध्यापक अमेरिकेत शिकागो येथे होते. १९४६ च्या उन्हाळ्यात ते एक अवजड यंत्र घेऊन युरोपात गेले. त्या वेळी टेपरेकॉर्डर घरोघरी नव्हता. त्यांच्या यंत्रात केसासारखी बारीक पोलादी तार होती आणि तिच्यावर आवाज धरला जाई. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि जर्मनी येथील निर्वासितांच्या छावण्यांत फिरून त्यांनी शंभराहून अधिक लोकांशी बोलून ते आवाज त्या तारेवर धरले. लोक नऊ भाषांतून बोलले. बोडर यांचा हट्ट असा की ज्याने त्याने आपल्या भाषेत बोलावे. दुःख परक्या भाषेत नीट सांगता येत नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

परत गेल्यावर बोडर यांनी १९४९ साली एक पुस्तक काढले. त्याच्या नावाचा अर्थ ‘मेलेल्यांची मुलाखत मी घेतली नाही’ असा होतो. नावातच सारे आले. ज्यांनी सर्वांत जास्त सोसले ते सांगायला उरलेच नव्हते. पुढे त्यांनी ७० मुलाखती उतरवून काढल्या, पण त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९६१ साली ते वारले. त्यानंतर कित्येक वर्षांनी, २००० सालापासून, त्यांच्या संस्थेने ते आवाज संगणकावर सर्वांसाठी खुले केले. त्यांच्या संग्रहातली गाण्यांची एक तार हरवली होती. ती ओहायो राज्यातील एका विद्यापीठात डब्यावर चुकीचे नाव पडलेली सापडली. जुन्या यंत्राची जुळवाजुळव करून २०१७ साली ती गाणी पुन्हा ऐकवली गेली. सत्तर वर्षे ते सूर डब्यात निजून होते!

माझ्या मुलाने मला संगणकावर त्यांतला एक आवाज लावून दिला. भाषा मला कळली नाही. पण मधेच थांबलेला श्वास कळला आणि त्यानंतरची शांतता कळली. त्यासाठी भाषा यावी लागत नाही.

युद्धानंतरच्या वर्षांत जगाला या लोकांचे ऐकायला सवड नव्हती. झाले गेले विसरा, आता नवा संसार मांडा, असे सांगणारेच फार. पुष्कळांनी आपल्या मुलांनासुद्धा काही सांगितले नाही. हे बदलले ते १९६१ साली. ज्यूंच्या वाहतुकीची सारी व्यवस्था पाहणारा अधिकारी आइकमान याच्यावर जेरुसलेममध्ये खटला चालला. शंभराहून अधिक साक्षीदार उभे राहिले आणि त्यांत बहुतेक छळातून वाचलेले होते. इस्राएलमध्ये लोक रेडिओला कान लावून बसत. राहेलबाई १९५० साली इस्राएलला गेल्या होत्या आणि १९५४ पासून ‘याद वाशेम’ या स्मारकसंस्थेत साक्षी गोळा करण्याचा विभाग त्यांनी उभा केला होता. खटल्यासाठी साक्षीदार मिळवून देण्यास त्यांच्या कामाचा उपयोग झाला आणि त्या स्वतःही साक्षीला उभ्या राहिल्या. १९७६ साली त्या वारल्या. आयुष्यभर एकच काम, विचारणे आणि लिहून घेणे.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल. माणसाची आठवण ती काय! वीस-तीस वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? याचे उत्तर मला एका हकीकतीत मिळाले. १९७९ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे डोरी लाउब हे मानसोपचारतज्ज्ञ आणि लॉरेल व्लॉक या दूरदर्शन-निर्मात्या बाई यांनी वाचलेल्यांच्या साक्षी चित्रफितीवर घेण्यास आरंभ केला. लाउब स्वतः लहानपणी आईवडिलांबरोबर छावणीत राहून आलेले होते. पुढे तो संग्रह येल विद्यापीठात ठेवला गेला. आज त्यात ४,४०० हून अधिक साक्षी आहेत.

त्यांत एका बाईने ऑशविट्झच्या छावणीतील ७ ऑक्टोबर १९४४ च्या उठावाबद्दल सांगितले. ती म्हणाली की चार धुराडी उडताना आपण पाहिली. इतिहासकार म्हणाले, चार कुठली, एकच उडाले. तेव्हा हिची साक्ष खरी मानता येणार नाही. लाउब म्हणाले, ही बाई धुराड्यांची मोजणी सांगत नाही. जेथे हात उचलणे कोणाच्या स्वप्नातही येत नव्हते तेथे कैद्यांनी हात उचलला, हे ती सांगते आहे आणि ते अगदी खरे आहे.

मला दोघांचेही पटते. आकडा एक आहे तर एकच लिहिला पाहिजे, कारण हे सारे घडलेच नाही म्हणणारे लोकही जगात आहेत आणि चुकीचा आकडा त्यांच्या हाती कोलीत देतो. म्हणून साक्ष कागदांशी ताडून पाहावी. पण त्या बाईला मधेच अडवून ‘तुमचे चुकले’ म्हटले असते तर ती गप्प झाली असती आणि त्या क्षणी छावणीतल्या बायकांना काय वाटले ते कोणत्याच कागदात मिळाले नसते. या उठावासाठीची स्फोटक दारू कारखान्यात काम करणाऱ्या ज्यू स्त्रियांनीच चिमूट चिमूट चोरून आणली होती. त्यांतल्या चौघींना १९४५ च्या जानेवारीत फाशी दिले गेले. रोझा रोबोटा, आला गेर्टनर, रेगिना साफिरश्टाइन आणि एस्तेर वाइत्सब्लूम. ही नावे आपल्याही ओठांवर असावीत म्हणून लिहिली.

बायकांच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट येते. छावणीत भुकेने व्याकूळ झालेल्या बायका एकमेकींना पदार्थ सांगत. तुझ्या घरी हे कसे करीत, किती अंडी घालीत, यावरून वादही होत. तोंडानेच स्वयंपाक! तेरेझीन येथील छावणीत मीना पेख्टर या वृद्ध बाईंनी अशा पाककृती मिळेल त्या कागदावर लिहून काढल्या. १९४४ साली त्या तेथेच वारल्या. ते बाड या हातातून त्या हातात फिरत १९६९ साली अमेरिकेत त्यांच्या मुलीपर्यंत पोचले आणि १९९६ साली त्याचे पुस्तक निघाले. लढायांच्या इतिहासात पाककृतीला जागा नसते. पण आपले घर आपल्यापासून कोणी हिरावून घेतलेले नाही, हे सांगण्याचा त्या बायकांचा तो मार्ग होता.

१९९३ साली स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी याच विषयावर ‘शिंडलर्स लिस्ट’ हा चित्रपट काढला. तो पाहून अनेक वाचलेले लोक आपणहून बोलू लागले. १९९४ साली त्यांनी संस्था स्थापन केली आणि पाच-सहा वर्षांत ५६ देशांतून ३२ भाषांत ५० हजारांहून अधिक साक्षी चित्रित झाल्या. त्या सगळ्या रात्रंदिवस ऐकत बसले तरी दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तेथे विचारण्याची पद्धत मला आवडली. नुसते छळाचे विचारीत नाहीत. युद्धाआधीचे घर, सण, शाळा, हेही विचारतात. नंतर कसा संसार मांडला तेही विचारतात. शेवटी घरची माणसे शेजारी येऊन बसतात, जुने फोटो दाखवतात. माणूस म्हणजे त्याच्यावर झालेला अत्याचार एवढाच नव्हे, हे त्यातून दिसते.

आपल्या मुंबईचाही या कथेशी धागा आहे. १९३४ साली मुंबईत ज्यू निर्वासितांना मदत करणारी संस्था निघाली. त्याच साली वाल्टर काउफमान हे संगीतकार युरोपातून मुंबईला आले. आकाशवाणीची सुरुवातीची धून, जी ऐकत आपल्या आया-आज्यांनी चुली पेटवल्या, ती त्यांची मानली जाते. ती धून वाजवणाऱ्या रेडिओमागे घरदार सुटलेला एक माणूस होता, हे कळल्यावर ती मला निराळीच वाटू लागली.

भगिनींनो, आता घाई आहे. २०२४ च्या आरंभी झालेल्या गणतीत जगभरात सुमारे २ लाख ४५ हजार वाचलेले ज्यू हयात होते. त्यांतील धाकट्यांचेही वय ऐंशीच्या जवळपास. तेव्हाची लहान मुले आज पणजी-पणजोबा आहेत. सांगणारे लवकरच उरणार नाहीत. उरेल ते फक्त विचारून ठेवलेले.

आणि म्हणून मला वाटते, यात सांगणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे श्रेय आहे. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात. कांडताना-निवडताना त्या सहज सांगतात, पण वही घेऊन समोर बसले की म्हणतात, “त्यात काय सांगायचे, सगळ्यांचेच तसे होते.” ते दुःख आणि हे दुःख एका मापाने मोजायचे नाही. मरायला पाठवणे वेगळे आणि पाऊस न पडणे वेगळे. पण “त्यात काय सांगायचे” हे शब्द मात्र सगळीकडे सारखेच आहेत. ते ऐकून उठून जायचे नसते, बसून राहायचे असते.

कसे बसावे ते या लोकांकडून शिकता येते. ज्याच्या त्याच्या बोलीत बोलू द्यावे. मधे तोडू नये, दुरुस्ती मागाहून करावी. नाव, गाव आणि तारीख न विसरता लिहावी. डब्यावर बरोबर नाव घालावे. एकाच ठिकाणी ठेवू नये, दोन-तीन प्रती निरनिराळ्या घरी ठेवाव्यात, कारण पत्र्यात पाणी शिरते. यातले काहीही करायला पदवी लागत नाही. सूप वाढणाऱ्या हाताने हे काम झालेले आहे.

वॉर्साच्या मातीत तो तिसरा भाग आजही कोठे तरी असेल किंवा नष्टही झाला असेल. त्यात कोणाची नावे होती हे कोणाला कळणार नाही. निदान जे आपल्या कानांपर्यंत आले आहे ते आपण विसरू नये, एवढीच विनंती करून मी हा लेख पुरा करते.